साबुकंदाचे पीठ: खणण्यापासून पावसाळ्यातल्या डब्यापर्यंत

वाळवणघर

नमस्कार. आपल्याकडे साबुदाण्यावाचून एकही एकादशी जात नाही, पण साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वापासून होतो तो कंद हातात घेऊन पाहिलेली माणसे कोल्हापूर शहरात फार थोडी भेटतात. त्याला कोणी कसावा म्हणते, कोणी टॅपिओका, कोणी साबुकंद. चंदगडकडे कन्नड बोलणाऱ्या पाहुण्यांकडून मी ‘मरगेणसू’, म्हणजे झाडाचे रताळे, असेही ऐकले आहे. गेली तीन वर्षे आमच्या बचत गटातील आम्ही पाच जणी या कंदाचे पीठ करीत आहोत. या काळात झालेल्या चुका आणि त्यांतून बसलेली पद्धत येथे सविस्तर लिहिते, कारण मराठीत याविषयी नीट माहिती शोधताना मला फार कष्ट पडले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. कंद जमिनीतून निघाल्यापासून त्याचा कीस पिळून उन्हात पसरेपर्यंतचा वेळ चोवीस तासांत बसला तर पीठ चांगले होते. तो बसला नाही, तर पुढे कितीही काळजी घेतली तरी पीठ सुधारत नाही. आम्ही पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून साठ किलो कंद घेतले. कालच खणले आहेत, असे त्यांनी सांगितले होते आणि वरून कंद अगदी टणक व स्वच्छ दिसत होते. संध्याकाळ झाली म्हणून आम्ही ते रात्रभर पोत्यात ठेवले. सकाळी पहिला कंद आडवा कापला, तेव्हा पांढऱ्या गरात सालीच्या आतल्या बाजूने शाईचे बारीक ठिपके टाकावेत तशा निळसर काळ्या रेघा दिसल्या. उभा कापला तर त्याच रेघा दोऱ्यासारख्या लांबवर गेलेल्या होत्या. खराब भाग काढून टाकू, असे म्हणत आम्ही बसलो आणि निम्मा माल टाकावा लागला. उरलेल्याचे जे पीठ झाले ते करडे झाले आणि त्याला ओल्या लाकडासारखा वास राहिला. बटाटा किंवा रताळे जसे आठवडाभर टोपलीत राहते तसा हा कंद राहत नाही. त्याला खणताना जी जखम होते तिथून हवा लागून दोन-तीन दिवसांत तो आतून काळा पडतो, आणि ही क्रिया कोणत्याही बुरशीची वाट पाहत नाही.

आता आमची पद्धत सांगते. कंद सकाळी लवकर खणून दुपारपर्यंत घरी आणतो. सोलताना दोन साली काढाव्या लागतात: वरची तपकिरी, कागदासारखी पातळ, आणि तिच्या खालची जाड, पांढरी किंवा गुलाबी झाक असलेली. दुसरी साल सुरीने उभी चीर देऊन अंगठ्याने सरळ उचकटून निघते. ती राहू देऊ नये, कारण कंदातील विषारी अंश गरापेक्षा तिच्यात जास्त असतो. सोललेले कंद दोन पाण्यांत धुऊन लगेच किसतो. कीस मांजरपाटाच्या पिशवीत भरून दाबाखाली ठेवतो आणि पाणी गळायचे थांबेपर्यंत मधूनमधून दाब वाढवत जातो. पिळून झालेला गोळा मुठीत दाबला तर त्याला आकार राहतो, पण बोटांना पाणी लागत नाही. बोटांनी चोळला तर तो रव्यासारखा मोकळा होतो. एवढे झाले की तो हाताने फोडून मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढतो आणि गच्चीवर स्वच्छ कापडावर पातळ थरात पसरतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात, दर तासाला हात फिरवला, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो खडखडीत वाळतो. मग दळणे, चाळणे आणि डबाबंद करणे.

पन्नास किलो कंदांतून आम्हाला सुमारे बारा किलो पीठ मिळते. कंदात साठ-पासष्ट टक्के पाणीच असते आणि साल निघून जाते ती वेगळी, त्यामुळे हा आकडा ऐकून कोणी निराश होऊ नये; आमचा पहिला हिशेब मात्र याच ठिकाणी चुकला होता.

चंदगडी माती

ताई, फार मनापासून लिहिले आहे. माझ्या शेतात तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत काजूच्या मोकळ्या जागेत मी हे पीक घेतो, म्हणून लागवडीच्या बाजूने थोडी भर घालतो.

हा कंद बियांपासून नव्हे, तर खोडाच्या कांड्यांपासून लावतात. वीतभर लांबीची कांडी उभी रोवायची आणि दोन रोपांत तीन फुटांचे अंतर ठेवायचे. कांड्या आणताना ज्या झाडांची पाने चुरगळलेली आणि पिवळ्या-हिरव्या डागांची आहेत, त्यांच्या घेऊ नयेत. तो मोझॅक नावाचा विषाणूरोग असून तो कांड्यांतून आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे 1963 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे. तिने या रोगाला दाद न देणारे ‘श्री पद्मनाभ’ यासारखे वाण दिले आहेत. खाण्यासाठी केरळात ‘एम-4’ हा जुना वाण नावाजलेला आहे, तर तमिळनाडूत साबुदाण्याच्या कारखान्यांसाठी ‘एच-226’ आणि ‘एच-165’ हे वाण लावले जातात. पिठासाठी कांड्या घेताना वाण गोड (कमी विषारी) आहे की कडू (जास्त विषारी), हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काढणीविषयी माझे मत असे आहे की दहा ते बारा महिन्यांचा कंद सर्वांत चांगला असतो. त्याआधी सत्त्व कमी भरते आणि त्यानंतर कंदाच्या मधला दोरा जाड होऊन गर लाकडासारखा होतो, मग किसणीवर तंतूच तंतू येतात. या पिकाची एक मोठी सोय अशी की बाहेर दोन दिवस न टिकणारा कंद जमिनीत मात्र काही आठवडे सुखाने राहतो. म्हणून मी एकदम सगळे खणत नाही. ज्या दिवशी घेणाऱ्याची तयारी असेल त्या दिवशी तेवढीच झाडे काढतो, आणि कंद खोडापासून तोडताना देठाचा थोडा भाग कंदाला ठेवतो, म्हणजे जखम गरापर्यंत जात नाही. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी झाडाचा शेंडा छाटला तर कंद काळे पडण्याचा वेग कमी होतो. त्याने सत्त्व थोडे घटते, पण चंदगडहून कोल्हापूरला माल पाठवायचा असेल तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास पाहता ते परवडते.

उपवासाचे ताट

वाळवणघर ताई, माझे दोन प्रश्न आहेत. पहिला म्हणजे हे पीठ उपवासाला चालेल का? दुसरा प्रश्न जरा धाडसाचा आहे. आपण बटाट्याचे काप जसे उकडून उन्हात घालतो आणि वर्षभर ठेवतो, तसे या कंदाचे काप करून वाळवले आणि लागतील तसे दळले, तर किसणे व पिळणे हा सगळा खटाटोप वाचणार नाही का?

वाळवणघर

उपवासाबद्दल मी एवढेच सांगू शकते की ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच कंदाचे हे पीठ आहे. घरोघरच्या रीती वेगळ्या असतात, त्या आपल्या घरातील मोठ्यांना विचाराव्यात. मात्र साबुदाण्याचे पीठ आणि हे पीठ एक समजू नये. साबुदाणा करताना कंद वाटून त्याचा चीक खाली बसू देतात, म्हणजे कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो तसेच, आणि त्या सत्त्वाचे दाणे करून ते भाजतात. आमच्या पिठात मात्र चोथ्यासह पूर्ण कंद असतो. त्यामुळे त्याचे थालीपीठ खुसखुशीत होते आणि साबुदाण्याच्या पिठासारखे चिकट लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की किसणे आणि पिळणे हा खटाटोप नाही. पिठाचे पांढरेपण आणि खाणाऱ्याचा जीव दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत. उकडून वाळवलेल्या कापांचे तर पीठ करण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. यामागचे कारण येथे कोणी जाणकार अधिक नीट सांगेल.

अन्नतंत्र

मी अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेतले आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडे लांबण लावून लिहितो. विषय जिवाशी संबंधित असल्याने वाचकांनी तेवढा वेळ द्यावा.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडून मेल्याचे आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. ज्वारीच्या कोवळ्या पानांतून पोटात जे विष तयार होते, तेच हायड्रोजन सायनाइड कसाव्यातूनही तयार होते. कंदात ते सुट्या रूपात नसते. लिनामरीन नावाच्या पदार्थात ते बांधलेले असते आणि लिनामरेझ नावाचे विकर (एन्झाइम) त्याच्याच शेजारी, पण पेशीत वेगळ्या जागी असते. कंद किसला की पेशी फुटतात, दोन्ही एकमेकांना भेटतात आणि विष मोकळे होते. हे विष सुमारे 26 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ते आपल्याकडील उन्हात सहज उडून जाते, आणि जे पाण्यात उतरते ते पिळताना निघून जाते. म्हणजे किसण्याने विष निर्माण होते असे वाटले तरी खरे पाहता विष घालवण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आता काप उकडले तर काय होते ते पाहू. उष्णतेने विकर मरते, पण लिनामरीन मात्र टिकाऊ असल्याने तसेच राहते. उकळत्या पाण्यात त्यातले काही उतरते. जे कापात उरते त्याला फोडणारे मग कोणीच नसते. ते दळले तरी पिठात राहणार. केरळात उकडून वाळवलेला कंद खातात हे खरे आहे, परंतु तिथे वाण गोड असतात, उकडलेले पाणी फेकले जाते आणि खाण्याआधी तो पुन्हा भिजवून शिजवला जातो. कच्चे काप वाळवण्यातही एक चकवा आहे: अगदी पातळ काप कडक उन्हात लवकर वाळतात आणि विकराला काम करायला लागणारे पाणीच लवकर संपते, त्यामुळे जाड कापांपेक्षा त्यांच्यात विष जास्त उरू शकते. सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार खाण्याच्या कसावा पिठात एका किलोत एकूण हायड्रोसायनिक आम्ल 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि ओलावा 13 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. त्याच मानकांमध्ये ताज्या कंदात किलोमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो गोड, असा भेद केलेला आहे. या आकड्यांकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होते, हे आफ्रिकेने पाहिले आहे. 1981 साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला, लोकांना कडू कसावा नीट प्रक्रिया न करताच खावा लागला, आणि एक हजाराहून अधिक स्त्रिया व मुलांचे पाय कायमचे लुळे पडले. या आजाराला कोंझो म्हणतात. आहारात प्रथिने कमी आणि सायनाइड जास्त, असे दोन्ही एकत्र आले की तो होतो. आपल्याकडे डाळी आणि दूध खाणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा थालीपीठ केल्याने असे काही होणार नाही. तरी विक्रीसाठी पीठ करणाऱ्याने पहिल्या घाण्याचे पीठ प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एखाद्या पिठाविषयी शंका असल्यास ऑस्ट्रेलियातील संशोधक हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी रूढ केलेली भिजवण्याची पद्धत वापरता येते. पिठात पाणी कालवून ओलसर करावे, सेंटिमीटरभर जाडीचा थर परातीत पसरावा, दोन तास उन्हात किंवा पाच तास सावलीत ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवून खावे. पिठात उरलेले विकर पाणी मिळताच पुन्हा कामाला लागते आणि विषाचा मोठा भाग निघून जातो.

चंदगडी माती

अन्नतंत्र साहेबांनी जनावरांचा विषय काढला म्हणून लिहितो. सोललेली ताजी साल आणि पिळलेले पाणी यांची विल्हेवाट लावण्याचा विचार आधीच करून ठेवावा. माझ्या शेजाऱ्यांनी सालींचा ढीग गोठ्यामागे टाकला होता आणि दाव्यातून सुटलेली शेळी तिथे पोचली. तिच्या तोंडाला फेस आला, ती धापा टाकत होती, आणि पशुवैद्य पोचेपर्यंत ती गेली. तेव्हापासून मी साली खड्ड्यात पुरतो आणि पिळलेले पाणी विहीर, हौद किंवा ओढा यांच्यापासून दूर मोकळ्या जागेत सोडतो.

उद्यमनगर

मी यंत्रांच्या कामात आहे. गेल्या वर्षी एका गटासाठी किसणीचे यंत्र आमच्याकडे दुरुस्तीला आले होते. ते आधी दुसऱ्या कोणी तरी साध्या लोखंडी पत्र्याला भोके पाडून बनवलेले होते आणि त्यातून निघणारा कीस तासाभरात करडा पडत होता. ओला आंबूस कीस आणि लोखंड यांची संगत वाईट. गंज तर लागतोच, शिवाय रंगही जातो. किसाला जिथे जिथे स्पर्श होतो तो प्रत्येक भाग, म्हणजे किसणीचा ढोल, खालचा चर आणि पिळण्याच्या पेटीचा तळ, स्टेनलेस स्टीलचाच असावा.

पिळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मजबूत चौकट, दोन छिद्रांच्या पाट्या आणि ट्रकचा हायड्रॉलिक जॅक एवढ्यात काम भागते. गूळ आणि ऊस यांच्या या जिल्ह्यात कोणत्याही वेल्डिंगवाल्याला अशी चौकट समजावून सांगायला वेळ लागत नाही. फक्त एक काळजी घ्यावी: जॅकमधून तेल गळत असेल तर ते किसावर पडू नये म्हणून जॅक पेटीच्या वर न ठेवता खाली ठेवावा आणि पेटी वरच्या आडव्या दांड्याला दाबली जाईल अशी रचना करावी. पिशवी एकदम कच्चून दाबली तर ती फाटते. दहा मिनिटे दाब, थोडी उसंत, पुन्हा दाब, असे केल्यास पाणी जास्त निघते.

जातं आणि गिरणी

माझी पिठाची गिरणी आहे. या पिठाची गिऱ्हाइके आता अधूनमधून येऊ लागली आहेत, म्हणून दळणाविषयी चार शब्द लिहितो. गहू किंवा ज्वारीच्या दळणानंतर लगेच हे दळण टाकले तर आधीच्या पिठाचा अंश त्यात येतोच. ज्यांना गव्हाचे वावडे आहे असे लोकही हे पीठ घेतात, त्यांच्यासाठी हे धोक्याचे आहे. मी अशा दळणासाठी सोमवारी सकाळी, जाते झाडून पुसून, पहिला नंबर देतो आणि पहिले किलोभर पीठ बाजूला काढतो. घरघंटी असेल आणि ती याच पिठासाठी ठेवली असेल तर उत्तमच.

दुसरे असे की दाणा ओलसर असेल तर मला लगेच कळते. जाते गरम होते, पीठ दगडाला चिकटते आणि आवाज बदलतो. अशा वेळी मी ते परत पाठवतो. आणखी एक चूक बहुतेक जण करतात: गिरणीतून निघालेले गरम पीठ तसेच डब्यात भरून झाकण लावतात. आत वाफ धरते, झाकणाला दव साचते आणि तिथूनच गठळ्या व बुरशी सुरू होते. पीठ परातीत पसरून हाताला गार लागेपर्यंत थांबावे.

पन्हाळ्याचा पायथा

सर्वांचे लेखन वाचले आणि माझे काय चुकले ते आता थोडे उमगते आहे. मी मे महिन्यात वीस किलो पीठ केले होते. रंग, चव, वास सगळे उत्तम होते. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत भरून, पिशव्या पोत्यात घालून, पोते माजघरात भिंतीला टेकवून ठेवले. ऑगस्टमध्ये उघडले तेव्हा भिंतीच्या बाजूच्या पिशव्यांत हिरवट बुरशी होती, मधल्या पिशव्यांत गठळ्या झाल्या होत्या आणि तांबूस पोरकिडे फिरत होते. सगळे पुरून टाकावे लागले. आमच्या घरात सर्वांनी त्यासाठी उन्हातान्हात कष्ट घेतले होते, त्यामुळे फार वाईट वाटले. यंदा पुन्हा करायचे आहे. साठवणीविषयी कृपया सविस्तर लिहावे.

वाळवणघर

तुमचे वाचून मला आमचेच दुसरे वर्ष आठवले, म्हणून शक्य तितके तपशिलाने लिहिते.

सादळणे हा आपल्या हवेतला मुख्य शत्रू आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा कित्येक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असतो आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत तर भिंतींनाही पाणी सुटते. अशा हवेला उघडे पडलेले पीठ, ते कितीही वाळलेले असले तरी, हवेतील ओलावा ओढून घेते आणि तेरा टक्क्यांच्या वर गेले की बुरशीला वाट मोकळी होते. पातळ प्लास्टिकमधून दमट हवा हळूहळू आत जातेच. तुमचे पोते भिंतीला टेकलेले होते, त्यामुळे भिंतीकडची ओल आणि गारवा दोन्ही त्या बाजूच्या पिशव्यांना लागले. बुरशी त्याच बाजूला जास्त होती, हे तुम्हीच लिहिले आहे.

म्हणून पहिली तपासणी वाळवतानाच करावी. वाळलेला कीस दातांखाली कटकन तुटला पाहिजे, चावताना लवता कामा नये. शिवाय आम्ही मिठाची परीक्षा करतो. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून गार केलेले बारीक मीठ दोन चमचे आणि मूठभर वाळलेला कीस घालायचा, झाकण लावून मिनिटभर हलवायचे आणि थोडा वेळ ठेवायचे. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असे समजून तो पुन्हा उन्हात घालायचा. मीठ मोकळे राहिले, तरीही आम्ही आणखी अर्धा दिवस ऊन देतो, कारण आम्हाला दहा ते बारा टक्क्यांवर यायचे असते आणि ही परीक्षा तेवढी बारीक नाही. संध्याकाळी चार-साडेचारनंतर कीस बाहेर ठेवायचा नाही. दिवसभर कमावलेले ऊन सायंकाळच्या गारव्यात तो परत देऊन टाकतो.

किड्यांचे म्हणाल तर तांबडे पोरकिडे बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, ते जुन्या पिठाच्या डब्यातून, गिरणीतून किंवा न धुतलेल्या पोत्यांतून आपणच घरी आणतो. डबे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात दिवसभर उलटे ठेवावेत. आम्ही एका वर्षी नवे पीठ जुन्याच्या वर ओतले होते. महिन्याभरात दोन्ही किडले. तेव्हापासून जुने संपल्याशिवाय त्या डब्यात नवे घालत नाही. पिठात कडुलिंबाची पाने घालण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, पण पाने जरा जरी ओली असली तर ती पिठाला ओलच देतात आणि कडवट वास राहतो, त्यामुळे मी ती धान्याच्या कोठीपुरतीच ठेवली.

भरण्यासाठी आम्ही जाड, उष्णतेने बंद करता येणाऱ्या किलोकिलोच्या पिशव्या वापरतो आणि त्या पिशव्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात रचतो. मोठ्या डब्यात सुटे पीठ ठेवले की रोज झाकण उघडले जाते आणि रोज दमट हवा आत जाते. किलोची पिशवी उघडली तर नुकसान किलोपुरतेच राहते. डबे लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवतो. प्रत्येक पिशवीवर खणल्याची तारीख, दळल्याची तारीख आणि वाण लिहितो. पंचगंगेच्या काठच्या लोकांना मी आणखी एक सांगेन: 2019 च्या आणि 2021 च्या पुरानंतर आम्ही पीठ तळघरात किंवा खालच्या खोलीत ठेवणे पूर्ण बंद केले आहे.

अशा रीतीने ठेवलेले पीठ आमच्याकडे दहा महिने चांगले राहिले. एकदा बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खालचे वापरायचा मोह कोणी धरू नये. बुरशीचे तंतू आणि तिचे विष डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ऊन दिल्याने ते विष जात नाही. तुम्ही सगळे पुरून टाकलेत, ते योग्यच केलेत.

नाचणीची भाकरी

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. पश्चिमेकडच्या आपल्या डोंगराळ भागात नाचणी पिकते, आणि तिच्यात कॅल्शियम, तंतू सगळे आहे. या पिठात प्रथिने किलोमागे जेमतेम वीस ग्रॅम. मग नाचणी, ज्वारी सोडून लोकांनी याच्या मागे का लागावे? मधुमेही माणसाने तर केवळ गव्हाचे नाही म्हणून ते भरपूर खावे, असे मला मुळीच वाटत नाही.

वाळवणघर

तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आम्ही हे पीठ कोणालाही नाचणीच्या जागी विकत नाही. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्या भाकरीला, धिरड्याला, बिस्किटाला जोड म्हणून ते उपयोगी आहे, आणि थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा घातला तर कुरकुरीतपणा येतो. नुसत्या पिठाची भाकरी थापताना तुटते. तांदळासारखी त्याची उकड काढावी लागते. पावात गव्हाच्या पिठाबरोबर दहा टक्के मिसळले तर चवीत फारसा फरक कळत नाही. एवढीच त्याची जागा आहे, आणि मला ती पुरेशी वाटते.

उपवासाचे ताट

ताई, आता पिळण्याचे महत्त्व नीट समजले; कापांचा विचार मी सोडून दिला आहे. शेवटचा एक प्रश्न: यंदा विकतचे पीठ घेऊन पाहायचे असेल तर पुडी उघडल्यावर ते चांगले आहे हे कशावरून ओळखावे?

वाळवणघर

आधी पुडीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक आणि तारीख पाहा. मग चमचाभर पीठ पांढऱ्या बशीत घेऊन दिवसाच्या उजेडात, शेजारी थोडे तांदळाचे पीठ ठेवून बघा. रंग पांढरा किंवा अगदी हलका सायीसारखा असावा. करडी किंवा निळसर झाक असेल तर कंद शिळे होते. वास घ्या, चांगल्या पिठाला जवळजवळ वासच नसतो. आंबूस वास आला तर कीस पिळायला किंवा वाळायला उशीर झाला आहे. चिमूटभर चिमटीत चोळा, ते कोरडे, मोकळे आणि जरासे करकरीत लागले पाहिजे. जिभेच्या टोकावर ठेवल्यावर कडवटपणा जाणवला तर थुंकून चूळ भरा आणि ती पुडी वापरू नका. मात्र कडू लागले नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नका, ते प्रयोगशाळेतच कळते. आमची पुढची काढणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी सकाळी येऊ शकलात तर किसणीपासून उन्हापर्यंत सगळे डोळ्यांनी पाहता येईल. येताना एक जुना स्वच्छ पंचा आणा, पिळायला हात कमीच पडतात.